किरायाचे घर पाहताना



जून जवळ आला की घर शोधण्याची धांदल सुरू होते. दारव्हा, घाटंजी, राळेगावकडून कोणी मुलांच्या शिक्षणासाठी, तर कोणी बदलीवर यवतमाळला येतो. पाटीपुऱ्यात आपले नातेवाईक असतात. परंतु नोकरी किंवा शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. मग लोहारा, वाघापूर, वडगावकडे एक बेडरूमचे छोटे घर पाहावे लागते. भाजी, किराणा, शाळा आणि ऑटोचा थांबा पायी गाठता यावा, एवढीच अपेक्षा. घरात एकच गाडी असते आणि ती नवरा घेऊन जातो, तेथे बाईसाठी ही मोठीच सोय.

घर पसंत पडले तरी आधी पाण्याची चौकशी करा. नळ किती दिवसांनी येतो, बोअर उन्हाळ्यात टिकते का, हे मालकापेक्षा शेजारणीला विचारा. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह धरणांनी तळ गाठला, तेव्हाचे हाल यवतमाळकर विसरलेले नाहीत.

परंतु आपण पाण्याचे विचारण्याआधीच मालक विचारतो, "आडनाव काय?" उत्तर ऐकले की खोली 'कालच गेलेली' असते, पाटी मात्र महिनाभर दारावर लटकते. हे मोठ्या शहरांतही घडते. विदर्भाचेच अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांची दिल्ली परिसरातील पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तेथेही दलित व मुस्लिम भाडेकरूंना अधिक नकार मिळाले.

म्हणून काहीजण आडनाव लपवतात. त्यांना दोष देता येत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनाही १९१७ साली बडोद्यात पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली. कामाठी बागेत काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाले. नाव लपवून मिळालेल्या घरात रोजची झोप उसनी असते, हे आपण यातून शिकावे. नाव पहिल्याच भेटीत सांगावे.

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे. पुरावा मात्र लागतो. म्हणून घर पाहायला दोघांनी जावे. कोण काय बोलले, ते तारखेसह लिहून ठेवावे.

घर मिळाले तर तोंडी बोलीवर थांबू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. असा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. अनामत रकमेची पावती घ्यावी.

आता शेवटचे. आज आपल्यातीलही अनेकांनी घरे बांधली. वरचा मजला किरायाने देतो. दारात पारधी कुटुंब, मुसलमान शिक्षक किंवा एकटी राहणारी नोकरदार मुलगी आली, तर आपला पहिला प्रश्न कोणता असतो? किती माणसे, किती दिवस, किराया किती, एवढेच विचारावे. ज्या प्रश्नाने आपल्याला उंबरठ्यावरून परत पाठवले, तो आपल्या उंबरठ्यावर उच्चारला जाऊ नये.

जयभीम!