रिपोर्टमध्ये व्हायरस नाही, मग गोळ्या कशाला?

एचआयव्हीचे रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. व्हायरल लोड 'सापडत नाही' असा रिपोर्ट आला, आता गोळ्या थांबवू का? उत्तर 'नाही' असेच आहे. पण नुसते 'नाही' म्हणून दटावणे मला पटत नाही. त्यामागे गणित आहे, आणि ते कुणालाही समजेल असे आहे.

लागण झाल्यावर कित्येक वर्षे लक्षणे नसतात, रक्तातल्या विषाणूंचा आकडाही फारसा हलत नाही. म्हणून विषाणू निपचित पडून असतो असा समज होता. १९९५-९६ मध्ये अमेरिकेत डॉ. डेव्हिड हो आणि गणित मांडणारे अॅलन पेरेलसन यांनी तो खोडून काढला. गच्चीवरच्या टाकीची पातळी स्थिर आहे म्हणजे पाणी वापरलेच जात नाही असे नव्हे. जेवढे जाते तेवढे वरून येत असते. वरचा कॉक बंद करा, पातळी किती झपाट्याने उतरते त्यावरून खरा वापर कळतो. त्यांनी हेच केले. अवघ्या ५ रुग्णांना रिटोनाविर देऊन नव्या पेशींची लागण रोखली आणि सुरुवातीला दर काही तासांनी रक्त तपासले. हिशोब निघाला तो असा: शरीरात रोज सुमारे १,००० कोटी विषाणू तयार होतात आणि विषाणू बनवणारी पेशी जेमतेम दोन दिवस टिकते. इतक्या नकला होताना चुका होणारच, त्यातली एखादी चूक औषधाला दाद देत नाही. म्हणून एक औषध पुरत नाही, एकाहून जास्त औषधे एकदम लागतात.

याच गणिताने १९९७ मध्ये आशा दाखवली, की दोन-तीन वर्षे विषाणू पूर्ण रोखला तर तो संपेलही. तसे झाले नाही. काही सीडी-४ पेशींत विषाणू खरोखरच दडून बसतो, आणि हा साठा इतका हळू घटतो की तो संपायला ६० वर्षांहून अधिक लागतील असा अंदाज पुढे निघाला. माझ्या मते इथे गणित हरले नाही. जे मोजलेच नव्हते, ते त्यात येणार कसे?

रिपोर्टला दिसते ते रक्तातले; दडलेले दिसत नाही. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच आकडा पुन्हा चढतो. तुम्ही त्या आधीच थांबवल्या असतील, तर एआरटी केंद्रात या आठवड्यातच जा. सरकारी केंद्रांत औषधे २००४ पासून मोफत मिळतात. किती दिवस चुकले ते खरे सांगा. पुढची औषधे त्यावर ठरतात.