खेळाडूंचा लिलाव : गणिताचा एक तास



आपल्या बारामती-इंदापूर भागात गावोगावी टेनिस बॉलच्या ‘प्रीमियर लीग’ भरतात. सामन्यांआधी खेळाडूंचा लिलाव होतो. मुलं ते बघतात आणि शाळेत येऊन तेच खेळतात. माझ्या पाचवीच्या मुलांनी मधल्या सुट्टीत एकमेकांचाच लिलाव मांडला. शेवटी एक मुलगा उरला. त्याच्यावर कुणी बोलीच लावेना. तो खाली मान घालून चपलेचा बंद ओढत बसला.

खेळ बंद करावा असं क्षणभर वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मीच तो गणिताच्या तासाला घेतला. फरक एवढाच, की चिठ्ठ्यांवर आयपीएलच्या खेळाडूंची नावं लिहिली. चार गट, प्रत्येकाला १०० गुण, सात खेळाडू घ्यायचे, मूळ किंमत ५ गुण. एका गटानं पहिल्याच खेळाडूवर ७५ गुण उधळले. उरले २५. त्यात फार तर पाच खेळाडू येतात. संघ सहाचाच राहिला! मग फळ्यावर हिशेब मांडला :

१) सरासरी काढा. १०० ÷ ७ म्हणजे एका खेळाडूला साधारण १४ गुण.
२) कमाल बोली काढा. उरलेल्या सहा जणांसाठी ६ × ५ = ३० राखून ठेवा. म्हणजे ७० च्या वर जायचंच नाही.
३) प्रत्येक खेळाडूची हद्द आधीच वहीत लिहा. हद्द ओलांडली की हात खाली.
४) दुसऱ्यांकडे किती उरलेत ते मांडत राहा. बाकी सगळ्यांना जास्तीत जास्त २० परवडत असतील, तर तुम्हाला २१ पुरे.

भिगवणच्या बाजारात मासळी घेणारा व्यापारीही असाच हिशेब मनात धरून येतो. मोठ्यांचं उदाहरणही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावाला लखनौचा संघ ६९ कोटी घेऊन बसला आणि त्यातले २७ कोटी एकट्या ऋषभ पंतवर गेले. त्या हंगामात त्याच्या धावा झाल्या २६९. ‘६९ पैकी २७ म्हणजे शेकडा किती?’ हे गणित मुलांनी न सांगता सोडवलं.

माझं मत स्पष्ट आहे. लिलावातून बेरीज-वजाबाकी, सरासरी आणि मुख्य म्हणजे मोह आवरणं शिकवता येतं. पण दोन अटी पाळाव्यात. पहिली, व्यवहार गुणांचाच, पैशाचा नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आणली, ती का, हेही मुलांना सांगावं. दुसरी, वर्गातल्या मुलाची बोली कधीच लावायची नाही. चिठ्ठी उरली तर काही बिघडत नाही. पोरगं उरलं, तर ते त्याच्या कायम लक्षात राहतं.

आपल्या वर्गात करून बघा आणि अनुभव जरूर कळवा.