खेळांत राजकारण कोणी आणलें?

'खेळांत राजकारण आणूं नये' हें वाक्य आमच्या सुशिक्षित समाजांत एखाद्या सुभाषितासारखें उच्चारलें जातें. उच्चारणाराचा हेतु बहुधा शुद्ध असतो. खेळ हें निर्मळ आनंदाचें स्थान. तेथें तरी जगांतील भांडणांचा प्रवेश होऊं नये, ही इच्छा कोणासहि गोड वाटेल. परंतु इच्छा गोड आहे एवढ्यावरून सिद्धान्त खरा ठरत नाहीं. अमेरिकेंतील मुष्टियुद्धाचा इतिहास जो लक्ष देऊन वाचील, त्यास असें आढळून येईल कीं, दुबळ्यांनीं रिंगणांत राजकारण आणण्यापूर्वीं बलिष्ठांनीं तें तेथें नेऊन बसविलेंच होतें.

जॉन सुलिव्हन या जगज्जेत्यानें 1892 सालीं प्रतिस्पर्ध्यांस जें जाहीर आव्हान दिलें, त्यांतच आपण कृष्णवर्णीयाशीं लढणार नाहीं असें बजावलें होतें. पुढें जेम्स जेफ्रीझ यानेंहि जगज्जेतेपद पणास लावून कृष्णवर्णीयाशीं लढण्याचें नाकारलें. हें राजकारण नव्हे, तर दुसरें काय? ज्याच्याशीं लढावयाचेंच नाहीं, त्याच्याहून आपण श्रेष्ठ असें म्हणण्यास छाती लागत नाहीं. अखेर 1908 सालीं सिडने येथें जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय योद्ध्यानें टॉमी बर्न्स यास हरवून तें पद मिळविलें, तेव्हां निवृत्त होऊन शेतीवर जाऊन राहिलेल्या जेफ्रीझला गोऱ्या वंशाचा कैवारी म्हणून परत बोलावण्यांत आलें. 4 जुलै 1910 रोजीं रेनो येथें जॉन्सननें त्यास पंधराव्या फेरींत लोळविलें. त्या रात्रीं अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगे झाले, माणसें मेलीं, आणि मेलेल्यांत बहुतेक कृष्णवर्णीयच होते. लगोलग त्या सामन्याचा चित्रपट गांवोगांवीं बंद करण्यांत आला, आणि 1912 सालीं मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत नेण्यासच कायद्यानें मनाई झाली. जेफ्रीझ जिंकला असता तर हा कायदा झाला असता काय, एवढेंच आम्ही शुद्ध खेळाच्या उपासकांस विचारतों. जॉन्सनला 1913 सालीं एका गोऱ्या स्त्रीबरोबरच्या प्रवासाचें निमित्त करून दोषी ठरविण्यांत आलें. त्याला माफी मिळाली ती 2018 सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनीं!

आतां दुसरें उदाहरण पाहूं. 19 जून 1936 रोजीं न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगनें जो लुई या तरुण कृष्णवर्णीय योद्ध्यास बाराव्या फेरींत पाडलें. नाझी राजवटीनें हा विजय एका माणसाचा म्हणून घेतला नाहीं. हिटलरनें श्मेलिंगची भेट घेतली, आणि 'मॅक्स श्मेलिंगचा विजय : एक जर्मन विजय' या नांवाचा चित्रपट जर्मनीभर दाखविण्यांत आला. पुढें 1937 सालीं लुई जगज्जेता झाला. 1938 च्या मार्चमध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला, आणि 22 जून 1938 रोजीं त्याच स्टेडियममध्यें, सुमारें सत्तर हजार प्रेक्षकांसमोर, ते दोघे पुन्हां समोरासमोर आले. सामना दोन मिनिटें चार सेकंद चालला. पहिल्याच फेरींत श्मेलिंग आडवा झाला, आणि हार्लेमच्या रस्त्यांतून कृष्णवर्णीयांचा आनंद रात्रभर ओसंडत राहिला.

यावर चिकित्सक म्हणतील कीं, दोन माणसांच्या ठोशाठोशीनें एखादें तत्त्व खरें किंवा खोटें कसें ठरेल? तर्कदृष्ट्या ठरत नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे. लुई हरला असता तरी वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त खोटाच राहिला असता. परंतु तो सिद्धान्त मांडणारांनींच 1936 सालीं ठोशांचा पुरावा पुढें केला होता. ज्यानें जें न्यायासन स्वतः निवडलें, त्यानें तेथला निकाल आपल्याविरुद्ध जातांच 'हा केवळ खेळ' म्हणून हात झटकावे, हें चालणार नाहीं. शिवाय ज्यांस दक्षिणेंत मत देतां येत नव्हतें, ज्यांची दाद न्यायालयांत लागत नव्हती, त्यांनीं जेथें पंचास उघडपणें दहापर्यंत आंकडे मोजावे लागतात तें एकच स्थळ आपलें मानलें, तर त्यांत त्यांचा दोष तो कोणता?

आमची खरी तक्रार निराळीच आहे, आणि ती प्रतीकाच्या बाजूनें बोलणारांविरुद्ध आहे. लुईचा विजय हा लोकशाहीचा विजय म्हणून अमेरिकेनें डोक्यावर घेतला. पण ज्या अलाबामांत तो जन्मला, तेथें त्याच्या जातभाईंची स्थिति त्या दोन मिनिटांनीं कांहीं पालटली नाहीं. 1942 सालीं तो सैन्यांत शिरला, तें सैन्यहि वर्णावर विभागलेलें होतें. तो भेद मोडण्याची आज्ञा 1948 सालीं निघाली. त्यानें 1942 मधील दोन सामन्यांची आपली प्राप्ति आरमाराच्या व लष्कराच्या मदतनिधींस देऊन टाकली. त्याच माणसामागें पुढें सरकारच्या करखात्याचा असा तगादा लागला कीं, 1949 सालीं निवृत्त झालेल्या लुईस 1950 सालीं पुन्हां रिंगणांत उतरावें लागलें, आणि नंतर पोटासाठीं कुस्तीचे तमाशेहि करावे लागले.

श्मेलिंगची गोष्टहि अशीच. तो नाझी पक्षाचा सभासद कधींच नव्हता. त्याचा व्यवस्थापक जो जेकब्स हा ज्यू होता, आणि त्यास सोडण्याचें त्यानें नाकारलें. 1938 च्या नोव्हेंबरांत ज्यूंच्या घरांवर व दुकानांवर हल्ले चालले असतां त्यानें दोन ज्यू मुलांस बर्लिनमधील आपल्या हॉटेलच्या खोलींत आसरा दिला. ज्यास जग नाझींचा पुतळा समजत होतें, तो हा मनुष्य!

प्रतीक ही एक हुंडी आहे. ती लिहिली जाते दुसऱ्याच्या घामावर, आणि पटविण्याची जबाबदारी येते ती हातीं घेऊन मिरविणारावर. लुईच्या नांवाची हुंडी अमेरिकेनें जगभर दाखविली, पण ती पटविण्यास पंचवीस-तीस वर्षें टाळाटाळ केली. कृष्णवर्णीयांस मताचा हक्क खऱ्या अर्थानें मिळवून देणारा कायदा 1965 सालीं झाला. आणि तो कोणा योद्ध्याच्या ठोशानें नव्हे, तर हजारों अनाम माणसांनीं लाठ्या व तुरुंग सोसल्यामुळें झाला.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, रिंगणांत राजकारण दिसलें तर नाक मुरडूं नये; तें तेथें आधीं कोणी आणलें याचा शोध घ्यावा. आणि एखाद्या विजयांत आपल्या तत्त्वाचा जयजयकार करावयाचा असेल तर खुशाल करावा. पण विजेता रिंगणाबाहेर पडल्यावर त्याला कोणत्या दारानें घरांत घेतां, हेंहि त्याच वेळीं सांगावें. तें सांगण्याची तयारी नसेल, तर टाळ्या वाजविण्याचा अधिकारहि नाहीं.