महापालिकेचे मेमोरँडम

शेजारचे काका दर वर्षी घरपट्टीचा कन्नड फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. मी रकाने वाचून दाखवते, ते आकडे सांगतात. फॉर्म भरून झाला की चहाबरोबर त्यांचे ठरलेले वाक्य येते, "एवढे नगरसेवक निवडून दिलेत, एक ठराव करून टाकायला यांचे काय जाते?" फॉर्म मराठीत मिळावा, शहराचे नाव 'बेळगाव' हेच राहावे, शहराने कोणत्या राज्यात असावे हेही शहरानेच सांगावे, काकांच्या मते या साऱ्यावर औषध एकच, महापालिकेचा ठराव. हे मत एकट्या काकांचे नाही. आपल्याकडे कट्ट्यावर बसणाऱ्या दहांपैकी आठजण हेच म्हणतील.

काकांना उलट उत्तर देण्याचे धाडस मला कधी झाले नाही. यंदा कंपनी कायद्याच्या तासाला मात्र ते उत्तर अचानक सापडले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अॅशबरी कंपनीचा खटला पाठ असतो. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या या इंग्रज कंपनीने बेल्जियममधील एका रेल्वेमार्गाच्या बांधणीचा करार केला. कंपनीच्या मेमोरँडममध्ये हा उद्देश नव्हता. १८७५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की हा करार मुळातच निरर्थक आहे. सगळ्या भागधारकांनी एकमुखाने मान्यता दिली तरी त्यात जीव येणार नाही. यालाच आपण 'अल्ट्रा व्हायरीज' म्हणतो, म्हणजे अधिकाराबाहेरचे.

मित्रहो, महापालिकेचेही असेच आहे. तिचे मेमोरँडम म्हणजे १९७६ चा कर्नाटक महानगरपालिका कायदा. फरक इतकाच, की कंपनीचे सभासद विशेष ठरावाने आपले मेमोरँडम बदलू शकतात; महापालिकेला आपल्या कायद्यातला स्वल्पविरामही बदलता येत नाही. तो बंगळुरूला विधानमंडळात लिहिला जातो. आयुक्त सरकार नेमते, आणि सभागृहाने केलेला ठराव स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकारही सरकारकडेच आहे.

येथे कोणी म्हणेल, की ७४ वी घटनादुरुस्ती विसरलात काय? विसरले नाही. १९९३ च्या जूनपासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने शहरांना घटनेत स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादी जोडली. पण कलम २४३ डब्ल्यू नीट वाचावे. राज्याचे विधानमंडळ हे अधिकार कायद्याने देऊ 'शकेल', असे तेथे म्हटले आहे. 'देईल' असे नाही. करांचेही तेच. कर्नाटकात जकात १९७९ साली गेली. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने तर जकातीची नोंद राज्यसूचीतूनच काढून टाकली. उरली मुख्यतः घरपट्टी, आणि तिचा दरही कायद्याने आखलेल्या चौकटीतच ठरवायचा.

आता काकांचे तीन ठराव या कसोटीवर घासून पाहू. स्थानिक संस्थांच्या कामकाजाची भाषा १९८१ च्या राज्य कायद्याने ठरवलेली आहे. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बदलले. तो निर्णय केंद्राच्या संमतीने राज्य सरकारने घेतला. आणि राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार फक्त संसदेला आहे. संबंधित विधानमंडळाचे मत तेवढे मागवले जाते आणि तेही संसदेवर बंधनकारक नसते. शहराचा तर त्या कलमात उल्लेखही नाही.

२००५ सालची, म्हणजे माझ्या जन्मसालची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. बेळगाव महापालिकेने शहर महाराष्ट्रात जावे असा ठराव केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त केली. त्या ठरावाने सीमा तसूभरही हलणार नव्हती, हे करणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. ती इच्छा होती, आणि लोकांची इच्छा बोलून दाखवणे हे लोकप्रतिनिधीचे काम आहे. पण इच्छा आणि निर्णय यांतला फरक आम्हां तरुणांना कोणी समजावून सांगितला नाही. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याचा निकाल लागायचा तेथेच लागेल.

मर्यादा फक्त महापालिकेलाच आहेत असेही नाही. बरखास्तीपूर्वी महापालिकेचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक झाली पाहिजे, असे कलम २४३ यू सांगते. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक व्हावी, हेही तेच कलम सांगते. आपल्या सभागृहाची मुदत २०१९ च्या मार्चमध्ये संपली, निवडणूक २०२१ च्या सप्टेंबरमध्ये झाली आणि नव्या महापौर २०२३ च्या फेब्रुवारीत निवडून आल्या. ठराव रद्द झाला की आपण रस्त्यावर येतो. पण ठराव करणारे सभागृहच जवळजवळ चार वर्षे नव्हते, त्याबद्दल कट्ट्यावर मी फारसे काही ऐकले नाही. मला याचेच जास्त वाईट वाटते.

आणखी एक मर्यादा आहे, ती खालच्या बाजूची. महापालिकेने काय करू नये हे कायदा सांगतो, तसेच काय टाळता येणार नाही हेही सांगतो. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. नगरपालिकेने पैसे नसल्याची सबब सांगितली. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब फेटाळली. गटारे आणि शौचालये हे कायद्याने घातलेले कर्तव्य आहे आणि तिजोरी रिकामी आहे म्हणून ते टळत नाही, असा त्या निकालाचा आशय. ज्या कलमाखाली ही दाद मागितली होती, ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही १५२ व्या क्रमांकाने कायम आहे. त्यासाठी सभागृहात बहुमत लागत नाही. गल्लीतली चार माणसे पुरतात.

माझ्या मते आपली ताकद येथे लागायला हवी. वरची मर्यादा आपल्याला तोंडपाठ आहे, कारण तिच्यावर आपण वारंवार डोके आपटले आहे. खालच्या मर्यादेची मात्र आपल्याला ओळखच नाही. पाणी, दिवे, गटारे, अंदाजपत्रक ही कामे महापालिकेच्या मेमोरँडममध्ये स्वच्छ लिहिलेली आहेत. या मासिकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीबरोबर मी हा कायदा वाचायला घेतला आहे. अडलेला कन्नड शब्द ती सांगते, हिशेबाचे कलम मी सांगते. सीमेबद्दल आमचे एकमत नाही आणि होईल असेही वाटत नाही. पण गटाराच्या कलमावर अजून एकदाही वाद झालेला नाही.

काकांना यंदा मी एवढेच सांगितले, की फॉर्म मराठीत करणे नगरसेवकांच्या हातात नाही. पण घटनेचे कलम ३५० तुमच्या हातात आहे. केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क ते प्रत्येकाला देते. मराठीत लिहायला कोणाच्या ठरावाची गरज नाही.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग कागद आण, आणि तारीख आधी घाल."