‘ढ’ हा शिक्का पुसलाच पाहिजे!

तिसरी-चौथीतले मूल तोंडी सगळे घडाघडा सांगते. पण वाचायला उभे केले की अडखळते, काना-मात्रा गाळते, जोडाक्षरापाशी थांबते. गुरुजी म्हणतात, ‘ढ’ आहे! आणि मूल आपल्या वस्तीतले असले की पुढचे वाक्य ठरलेले, ‘यांच्यात शिक्षण असते कुठे?’ एका लेकराची अडचण अशी सरळ जातीच्या खाती जमा होते. ज्ञानबंदी कायद्याने गेली. मनुवादी मानसिकता मात्र अजून वर्गात हजेरी लावते.

डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया, डिस्कॅल्क्युलिया या वाचन, लेखन व गणितातील विशिष्ट अडचणी आहेत. त्यांचा अर्थ मतिमंदत्व नव्हे. अशा मुलाला शिकवण्याची पद्धत वेगळी लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. कलम १६ नुसार ती लवकरात लवकर ओळखून उपाय योजणे हे अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांचे काम आहे. अक्षमता ४० टक्के वा अधिक प्रमाणित झाली, तर कलम ३१ अन्वये ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. ही कुणाची मेहेरबानी नाही!

सुखवस्तू पालक तज्ज्ञ गाठतात, प्रमाणपत्र मिळवतात. त्यांच्या मुलांना दहावीत जादा वेळ, लेखनिक मिळतो. मिळालाच पाहिजे. आमचा सवाल एवढाच, की सवलत दहावीच्या दारात उभी आणि आमचे मूल चौथी-पाचवीतच शाळेबाहेर, तर ती सवलत कुणाच्या कामाची? वर कारण सांगितले जाते, ‘अभ्यासात गोडी नाही.’

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे. मुलाला मारू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग कलम १६ चा उल्लेख करून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या; तोंडी विनंतीला पुरावा नसतो. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाची मागणी करा. दाद लागली नाही, तर गटशिक्षणाधिकारी आणि पुढे राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत.

पण एकट्या मोलकरणीने, एकट्या बिगाऱ्याने हे सारे उंबरे झिजवायचे काय? १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. मूल शाळेत टिकायचे तर शाळेबाहेर आधार लागतो, हे त्यांनी जाणले होते. आज गावोगावी आपली विहारे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा काढून प्रत्येक विहारात रोज संध्याकाळी तासभर अशा मुलांचा वर्ग भरला पाहिजे आणि पालकाचा अर्ज लिहून द्यायला एक कार्यकर्ता तिथे बसला पाहिजे. ‘शिका’ हा आदेश केवळ पहिल्या नंबराच्या मुलांसाठी नव्हता!