म्हाताऱ्या माणसाला 'आता बसा' म्हणू नका



आजची नोंद पिकाची नाही, घरातल्या जुन्या माणसांची आहे. पण विषय शेतीचाच.

आबांनी पासष्टी ओलांडली की पोरं म्हणतात, "लई केलं आयुष्यभर, आता बसा निवांत." त्यात माया असते, खोटं नाही. पण माझं स्पष्ट मत आहे, या 'बसा'नेच माणूस लवकर खचतो.

पूर्वी चालणं आपोआप व्हायचं. आता मोटर मोबाईलवर सुरू होते, रानात गाडी जाते, बैल राहिले नाहीत. म्हातारं माणूस ओट्यावर बसतं, मग खाटेवर.

वयाप्रमाणे अंगातलं मांस झिजतंच, साठीनंतर जरा जास्तच. पण न वापरल्यानं ते फार झपाट्यानं जातं. अमेरिकेत धडधाकट वयस्क माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं, तर पायांचं जवळपास १ किलो मांस गेलं. २००७ साली हे छापून आलं. पायातली ताकद गेली की तोल जातो, तोल गेला की माणूस पडतं. खुब्याचं हाड मोडलं की पुढचं काय होतं ते प्रत्येक गावानं पाहिलंय.

तिथेच २०१४ साली दुसरा एक मोठा अभ्यास आला. ७० ते ८९ वयाची, बैठी, १६०० वर माणसं. निम्म्यांना चालणं आणि पायांच्या ताकदीचा, तोलाचा व्यायाम दिला, निम्म्यांना नुसती आरोग्याची माहिती. अडीचेक वर्षांत ४०० मीटर चालणं जमेनासं झालेली माणसं व्यायामवाल्यांत कमी निघाली. ४०० मीटर म्हणजे किती? एक हेक्टरच्या चौकोनी रानाची बांधावरून एक फेरी. ही फेरी जमते तोवर माणूस स्वतःच्या पायावर.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला व्यायाम कशाला, तो राबतोच की! इथंच फरक करा. राबणं वेगळं, हालचाल वेगळी. ४५ किलोची युरियाची गोणी उचलणं, भरलेला पंप पाठीवर घेऊन फवारणी, दिवसभर वाकून खुरपणं, हे सत्तरीतल्या माणसाचं काम नाही. रात्रीच्या लाइटीत पाणी धरायलाही त्यांना पाठवू नका. ओला बांध आणि अंधार, पडायला आणखी काय लागतं?

मग काय द्यायचं? पाहणी द्या. कपाशीतले कामगंध सापळे रोज बघून पतंग मोजायचे, वहीत लिहायचे. एका सापळ्यात रोज ८ पतंग, असं सलग ३ दिवस आलं की बोंडअळीसाठी उपाय करायची वेळ झाली. तरण्या पोराला ही चिकाटी नसते, आबांना असते. चालणं होतं, डोकं चालतं, आणि फवारणी वेळेवर होते. रोपवाटिका, परसबाग, बियाणं निवडणं हीही तसलीच कामं. उन्हाळ्यात मात्र सकाळी नऊच्या आत घरी.

सोबत खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस. गुडघे दुखत असतील, दम लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ताटात डाळ, दूध, जमलं तर अंडं रोज हवं. नुसत्या चहा-भाकरीवर मांस टिकत नाही.

आता आईबद्दल. तिला 'बसा' कुणी म्हणतच नाही. पाणी, शेण, चूल, नातवंडं, सगळं सत्तरीतही तिच्याच अंगावर. तिला जास्त हालचाल नको, ओझं कमी पाहिजे. पाण्याचा हंडा तिच्या डोक्यावरून उतरवा, गोठ्यातला शेवाळलेला कोबा खरवडून घ्या, आणि ताट तिचंही पहिल्या पंगतीला वाढा.

शेवटचं. काम देताना शब्दही द्या. आबांनी सांगितलं "खालच्या वाफ्यात मर दिसतेय", तर जाऊन बघून या. ज्याचं कुणी ऐकत नाही, तो रानात जायचं आपोआप सोडतो. कृषी सहायक, सल्लागार मंडळींनाही विनंती, शेतीशाळेत जुन्या माणसांना मागं बसवू नका. निरीक्षणाचं काम त्यांच्याकडे सोपवून तर बघा.

तुमच्या घरच्या जुन्या माणसाकडे आज कोणतं काम आहे? खाली लिहा.