घामाच्या ग्रंथींचा कॅन्सर: चामखीळ समजून काढलेली गाठ लॅबमध्ये का पाठवायची?

पायावरची चामखीळ जाळली, विषय संपला? नेहमीच नाही. घामाच्या नलिकेतून होणारा पोरोकार्सिनोमा हा कॅन्सरही तसाच दिसू शकतो. १९६३ मध्ये वर्णन झालेला हा आजार अत्यंत दुर्मिळ आहे आणि बहुतेकदा उतारवयात होतो.

नुसतं पाहून तो ओळखता येत नाही, बायोप्सीच लागते. तिथेही पेच असतो. स्तनातून त्वचेत पसरलेला कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली असाच दिसू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे असतात. म्हणून पेशींमधली विशिष्ट प्रथिनं रंगवून तपासतात, गरज पडल्यास स्कॅनही करतात.

वेळीच निदान झालं तर शस्त्रक्रियेने तो बरा होऊ शकतो. उशीर झाल्यास लिम्फ नोडपर्यंत पसरू शकतो.

जुनी गाठ अचानक वाढली, तिच्यातून रक्त आलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाळल्यावर तपासायला काही उरत नाही. त्यामुळे आधी विचारा: ‘हिची बायोप्सी करायची का?’